निंबा पेंटर बोर्ड रंगवतो

सावरगावच्या रस्त्याला, बॅकवॉटरच्या अलीकडे,
जिथं आधी बोरस्त्यांचं पॅकहाऊस होतं
तिथं आता स्टीलच्या टाक्या आहेत आणि एक मुलगी,
मृण्मयी, पायात गमबूट.
तिनं कागद दिला : पेल एल.
मी म्हटलं, ताई, काना राहिला. पेला.
हसली. नाही काका, पेलच. फिकी असते म्हणून.
मग फिकी लिहू का?
नको. फिकी म्हटल्यावर कोण पिणार?

फ्लेक्स आल्यापासून मला असं कुणी बोलावत नाही.
वर्षाला दोन देवळं,
एखाद्या ट्रॉलीच्या फाळक्यावर आईचा आशीर्वाद.
हिला मात्र हातानं काढलेलं अक्षर हवं
आणि खाली एक ओळ, मराठीत,
चव कशी ते सांगणारी.

चाखल्याशिवाय कसं लिहू, म्हटलं.
तिनं पेला भरला, काना असलेला.
रंग नव्या गव्हाच्या काडाचा;
मी तो पिवळ्यात बराच पांढरा
आणि सुईच्या टोकाएवढा तांबडा घालून करतो.
फेस बोटभर, बसायची घाई नसलेला.

आधी वास घ्या, म्हणाली.
घेतला आणि दचकलो.
टर्पेंटाइन!
माझाच डबा उघडा राहिला की काय म्हणून मागं बघितलं.
झाकण लागलेलं होतं.
ते पण झाडाचंच ना काका, ती म्हणाली, चिडाचं.
चाळीस वर्षं त्यानं हात धुतले
आणि ते झाडाचं असतं हे आज कळलं.

मग पपनसाची साल,
नखानं सोलताना डोळ्यात उडते ती.
तिच्याही मागं काहीतरी ओलं, हिरवं.
बाहेर गोडी छाटणी चालू होती,
कापल्या काड्यांचा वास दारातून आत येत होता;
हा पेल्यातला की बागेतला,
मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

घोट.
हलकी. जिभेला टेकली न टेकली.
मला वाटलं, एवढंच,
आणि तेव्हा कडू आलं,
पंगत उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखं,
जिभेच्या मुळाशी बसलं, काही न मागता.

हे कडू कशाला घालता?
चवीला. आणि पूर्वी टिकायला घालायचे, ती म्हणाली,
हॉप्स म्हणजे फुलंच. घातली की लवकर नासत नाही.

मी पेला खाली ठेवला.

माझ्या आधीची तीन गेली.
सटाण्याकडं गाव आमचं.
चौथ्याला आईनं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं
आणि नाव ठेवलं निंबा,
म्हणजे कुणाला चाखावंसं वाटू नये,
चाखलंच तर थुंकून द्यावं.
एकसष्ट झाली.
थुंकलेला आहे मी.

हे तिला सांगितलं नाही.
म्हटलं, अजून थोडी द्या, ओळ सापडत नाहीये.

खडूनं चविष्ट लिहिलं, पुसलं. ते लोणच्याला शोभतं.
कडवट लिहिलं, पुसलं. ते माणसाला म्हणतात.
ताजीतवानी तर साबणाची जाहिरात.
धरणावरून वारा सुटला, पत्र्यावर कबुतरं परतली.
तिचे वडील बागेतून आले, हातात कात्री,
पेल्याकडं न बघता पाण्याच्या माठाकडं गेले.

शेवटी लिहिलं :
हलकी आहे. कडू मागाहून येतं.

वडिलांनी वाचलं, मोठ्यानं, अक्षर अक्षर.
खरंय, म्हणाले, आणि माठावर झाकण ठेवलं.
त्यांनी ती कधी चाखली, विचारलं नाही.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायच्या आधी
या वेळी डबा हुंगला.
मग कोपऱ्यात सही केली, बारीक.
हात थोडा हलका झाला होता,
निंबावरचा अनुस्वार मोठा पडला.
राहू दिला.